साथीची भीती आणि लपवलेला खोकला

सायंतारा | ८ मार्च २०२०, रात्री १०:४२

करोनावर आधीच दोन-तीन धागे चालू आहेत. आकडे, बातम्या, कुठल्या देशाने काय बंद केलं ते सगळं तिथे येतंय. मला बोलायचंय ते थोडं वेगळं, म्हणून बराच विचार करून हा नवा धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ ४ तारखेला परदेशातून परत आला. ताप नाही, खोकला नाही. विमानतळावर तपासलं आणि चौदा दिवस घरातच थांबा म्हणून सांगितलं. तो थांबलाय. खोली वेगळी, भांडी वेगळी, जेवण मी दाराबाहेर ठेवते आणि मागे सरते. आल्या दिवशीच त्याने आपणहून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं, की मी आलोय, बरा आहे, पण चौदा दिवस बाहेर पडणार नाही. लपवायचं कशाला, कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

पुढच्या चार दिवसांत तोच निरोप कुणीतरी त्याच्या फोटोसकट पुढे पाठवला. फिरत फिरत तो माझ्याच ऑफिसातल्या मैत्रिणीकडून माझ्याकडे आला, तेव्हा त्यात 'पॉझिटिव्ह' हा शब्द घुसलेला होता. त्याची अजून चाचणीसुद्धा झालेली नाही! लिफ्टमध्ये मी शिरले की लोक बाहेर पडतात. ते मी समजू शकते, खरंच. पण एक काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सांगितलं नसतं तर चाललं असतं ना, उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर." हे फार लागलं.

भीती मलाही वाटते. रात्री दोनदा उठून त्याच्या दाराला कान लावते, खोकतोय का ते ऐकायला. आई सत्तरीची आहे, तिला मधुमेह आहे. त्यामुळे शेजाऱ्यांना नावं ठेवायला मी इथे आलेली नाही. विचारायचंय एवढंच, की आजार पुरता कुणालाच कळलेला नसताना माणसाने सांगावं की गप्प राहावं? आणि तुम्ही सगळे या दिवसांत काय करताय, कशाची भीती वाटतेय, तेही लिहा.

---

रोखठोक | ८ मार्च, रात्री ११:०५

ताई, भावाच्या बाबतीत झालं ते चूकच. पण हे सगळंच अति चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या फ्लूने दरवर्षी जगात तीन ते साडेसहा लाख माणसं जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज. या नव्या आजाराचे बळी आजच्या तारखेला चार हजारांच्या आत आहेत. २५ तारखेला आमच्या संस्थेचं संमेलन आहे, दोनशे माणसं येणार आहेत, आणि आत्तापासून लोक विचारतायत की रद्द करणार का. भीतीपोटी जग थांबवायचं का?

---

अबोली | ८ मार्च, रात्री ११:२०

सायंतारा, तुला मिठी. (लांबूनच.) माझी अवस्था सांगते. रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या घसा दुखतोय का ते बघते. दुखतोय असं वाटलं की दिवसभर तेच डोक्यात. हे कुणाला सांगायलाही संकोच वाटतो.

---

निरामय | ९ मार्च, सकाळी ७:१०

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ वॉर्डात उभं राहून काढली आहे. रोखठोक, तुमचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लूचे बळी आणि याचे बळी अशी आज तुलना करणं म्हणजे गावात शिरलेल्या पुराची उंची पहिल्या तासाला मोजण्यासारखं आहे. फ्लूशी आपल्या शरीरांची जुनी ओळख आहे, लस आहे, थोडंफार औषध आहे. हा विषाणू सगळ्यांनाच नवा. एक रुग्ण सरासरी दोन ते अडीच जणांना देतो असा आत्ताचा अंदाज आहे. गोवर बारा ते अठरा जणांना देतो, त्या मानाने हे कमी वाटेल. पण दोनाचे चार, चाराचे आठ असं दर पाच-सहा दिवसांनी होत गेलं तर महिन्याभरात कुठे पोचेल ते कागदावर मांडून पाहा. परवा, ७ तारखेला, जगातली रुग्णसंख्या एक लाखाच्या वर गेली. डिसेंबरअखेर ती वुहानमधल्या काही डझनांवर होती.

दुसरी गोष्ट. चीनमध्ये गेलेल्या आंतरराष्ट्रीय पथकाचा अहवाल आलाय. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना सौम्य ते मध्यम आजार, १४ टक्क्यांच्या आसपास गंभीर, सहा टक्के अतिगंभीर. लोक ८० वाचतात आणि निःश्वास सोडतात. मी उरलेले वीस वाचतो, कारण त्यांना ऑक्सिजन लागतो आणि काहींना व्हेंटिलेटर. वर्षभरात विखरून आले तर आम्ही सांभाळू. तीन आठवड्यांत सगळे एकदम आले तर खाटा, यंत्रं आणि मुख्य म्हणजे ती चालवणारी माणसं कुठून आणायची? उत्तर इटलीतले डॉक्टर आत्ता हेच सांगतायत.

३.४ टक्के मृत्युदराचा आकडा सगळीकडे फिरतोय. तो म्हणजे आजवर नोंदलेले मृत्यू भागिले आजवर सापडलेले रुग्ण. ज्यांना जेमतेम सर्दी झाली ते सापडलेलेच नाहीत, म्हणून खरा दर कमी असू शकतो. उलट आज जे दवाखान्यात आहेत त्यांचं पुढे काय होणार ते या भागाकारात आलेलं नाही. साथीच्या सुरुवातीला असे आकडे हलतेच असतात. हलता आकडा म्हणजे खोटा आकडा नव्हे.

सायंतारा, तुमच्या प्रश्नावर रात्री लिहितो. ओपीडीची वेळ झाली.

---

वाटसरू_७ | ९ मार्च, दुपारी १:३३

निरामय, आभार. हे इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं.

---

सूक्ष्मदर्शी | ९ मार्च, दुपारी २:१५

मी प्रयोगशाळेत काम करते. सध्या घरच्या ग्रुपांवर आलेलं खोडून काढण्यातच अर्धा दिवस जातोय, त्यातलं थोडं इथेही सांगून ठेवते.

दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे तुम्हाला करोना नाही, हे साफ खोटं. तरुण रुग्ण आरामात रोखतील. दर पंधरा मिनिटांनी पाणी प्या म्हणजे विषाणू पोटात वाहून जातो, हेही खोटं. उन्हाळा आला की संपेल असं आज कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, उष्ण आणि दमट प्रदेशांतही रुग्ण सापडतायत.

खरं आहे ते फार साधं आहे. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं. साबण ते आवरण फोडतो आणि विषाणू निकामी होतो. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठे, नखं. सॅनिटायझर मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्यांनी साबणावर विश्वास ठेवा. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींचे मृत्यू रोखण्यासाठी डॉक्टरांना हात धुवायला लावले, मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी त्याच्याच व्यवसायातल्या अनेकांनी त्याचं ऐकलं नाही. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. या वर्षी सांगताना आवाज कापला.

आणखी एक. चीनच्या शास्त्रज्ञांनी ११ जानेवारीला विषाणूचा जनुकीय आराखडा जगासाठी खुला केला, म्हणून काही दिवसांतच चाचणी तयार झाली. पण ही चाचणी लागण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केली तर निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदापर्यंत. म्हणून सायंताराच्या भावाने पाळलेले चौदा दिवस कुठल्याही रिपोर्टइतकेच मोलाचे आहेत.

---

अबोली | ९ मार्च, दुपारी ३:०२

आणि मास्क? कुणी म्हणतं लावा, कुणी म्हणतं लावू नका.

---

सूक्ष्मदर्शी | ९ मार्च, सायं. ५:४०

आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की आजारी माणसाने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने लावावा. निरोग्यांनी साठा करू नये, कारण दवाखान्यांनाच पुरत नाहीत. माझं वैयक्तिक मत थोडं वेगळं आहे. सगळ्यांनी लावल्याने फायदा होतो याचा पुरावा आज अपुरा आहे, याचा अर्थ फायदा होत नाही असा होत नाही. लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग होतो असं ठरलं तर हा सल्ला बदलेल आणि बदलायलाच हवा. योकोहामाला थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३७११ माणसं होती, त्यातल्या सातशेच्या आसपास लोकांना लागण झाली, आणि चाचणीच्या वेळी त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना काहीच त्रास नव्हता. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाहीये. तोवर घरी दुपदरी सुती कापडाचा शिवून ठेवा, दवाखान्याचे मास्क दवाखान्यांना राहू द्या.

---

दूरदेशी | ९ मार्च, रात्री ९:५५

मी घरापासून सात तासांच्या विमानप्रवासावर राहतो. आईबाबा दोघंच, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे. आज विमानांच्या रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी बघत होतो आणि पहिल्यांदाच जाणवलं की उद्या काही झालं तर मला पोचताच येणार नाही. आत्ता निघावं तर विमानतळावरून मीच त्यांच्यासाठी आजार घेऊन जायचो. न जाण्यातच त्यांचं भलं आहे हे कळतं, पण वळत नाही. बाबांना फोनवर सांगितलं की बाहेर पडू नका, तर म्हणाले, "तू तिकडे नीट राहा, आमची काळजी करू नकोस." त्यांचा आवाज ऐकून फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

---

जुनी पानं | १० मार्च, सकाळी ९:१८

सायंताराच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो फार जुना प्रश्न आहे.

आज १० मार्च. १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. त्या साथीत लोक कसे वागले ते वाचलं की आजची बातमी वाचतोय असं वाटतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसं शहर सोडून पळाली. १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांना घेऊन घराघरांची झडती सुरू झाली. रुग्ण सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. घरं धुऊन काढण्याच्या नावाखाली सामानाची नासधूस होई. प्लेगपेक्षा झडतीचीच धास्ती मोठी झाली. मग लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, मेलेली माणसंसुद्धा लपवली. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास आपल्याला शाळेतच कळतो. पण त्याच्या मागे कोंडलेल्या घरांत किती आजारी माणसं पांघरुणाखाली खोकला दाबत पडली असतील, ते पुस्तकात येत नाही.

रुग्णाला वेगळं करणं तेव्हाही बरोबरच होतं. पण ज्या रीतीने केलं, त्यामुळे रुग्ण सापडेनासे झाले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हाही काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यातले कितीतरी जण तपासणी चुकवायच्या धास्तीनेच गेले असतील असं मला वाटतं.

सांगणारा माणूस पस्तावला, की त्याला बघणारे दहा जण न सांगायचं ठरवतात. जिन्यातल्या काकांना कुणीतरी हे समजावून सांगायला हवं.

---

रोखठोक | १० मार्च, सकाळी १०:०४

जुनी पानं, मुद्दा पटला. पण लोकांची बाजूही बघा. शेजारी कोण आजारी आहे हे कळायला नको का? माझ्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे.

---

निरामय | १० मार्च, रात्री १०:३०

काल लिहायचं राहिलं. कुणाला सांगायचं, हाच कळीचा भाग आहे. आरोग्य विभागाला आणि डॉक्टरांना काहीही न लपवता सगळं सांगायचं: कुठून आलो, कुणाला भेटलो, कधीपासून त्रास. ज्यांच्याशी जवळून संपर्क आला त्यांना सांगायचं. तीनशे जणांच्या ग्रुपवर नाव आणि फोटो फिरवून मात्र कुणाचाही संसर्ग टळत नाही. रोखठोक, तुमच्या मुलीला चौथ्या मजल्यावर कोण राहतो ते कळण्याचा उपयोग नाही. लिफ्टच्या बटणाला हात लावल्यावर तुम्ही हात धुता की नाही, त्याचा आहे. आज ज्याचं नाव ग्रुपवर आहे तो खोलीत बंद आहे, त्याच्यापासून तुम्हाला जवळपास धोका नाही. ज्याचं नाव कुठेच नाही आणि जो अंगात कणकण घेऊन कामाला जातोय, त्याची मला काळजी वाटते.

एक माणूस सतत आठवतो. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग. ३० डिसेंबरला त्यांनी सहकारी डॉक्टरांना सावध केलं, तर पोलिसांनी बोलावून अफवा पसरवता म्हणून समज दिली. ७ फेब्रुवारीला याच आजाराने ते गेले. वय जेमतेम चौतीस. पहिला धोक्याचा आवाज दाबला गेला की काय किंमत पडते ते अख्खं जग बघतंय.

---

वाटसरू_७ | ११ मार्च, रात्री ११:४८

आत्ताच बातमी आली. जागतिक आरोग्य संघटनेने याला 'पॅन्डेमिक' म्हटलंय. ११४ देश, एक लाख अठरा हजार रुग्ण, ४२९१ मृत्यू.

---

अबोली | ११ मार्च, रात्री ११:५६

हात गार पडलेत.

---

सायंतारा | १२ मार्च, सायं. ७:२२

सगळ्यांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. रोज वाचतेय, भावालाही दाराआडून वाचून दाखवते. त्याचा आज आठवा दिवस, अजून काही त्रास नाही.

पण आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला एकटीला निरोप पाठवला. त्यांच्या यजमानांना चार दिवस ताप आणि कोरडा खोकला आहे. मागच्या आठवड्यात ते परदेशातून आलेल्या एका सहकाऱ्याबरोबर बसून काम करत होते. चार दिवस त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, हेल्पलाइनला नाही. खिडक्या लावून घेतात म्हणे, खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्यांनी लिहिलंय, "तुमच्या भावाचं काय झालं ते पाहिलं, म्हणून धीर झाला नाही."

हे वाचून मी सुन्न झाले. घरात त्यांची शाळेत जाणारी मुलं आहेत, सासूबाई आहेत. मी काय करू? निरामय, लगेच सांगाल का?

---

निरामय | १२ मार्च, सायं. ७:३१

त्यांना आत्ता फोन करा, निरोप पाठवत बसू नका. विचारा: धाप लागतेय का, ओठ निळसर दिसतायत का, एक वाक्य सलग बोलता येतंय का? यातलं एकही असेल तर थेट अँब्युलन्स, आणि येण्याआधीच त्यांना कळवायचं की असा रुग्ण आहे. नसेल तर हेल्पलाइनवर फोन करून संपर्क झाल्याचं स्पष्ट सांगायचं. परस्पर दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचं नाही. तोवर यजमान वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या. उघड्या! सासूबाई दुसऱ्या टोकाला. मुलांची शाळा आजपासून बंद.

आणि त्यांना सांगा, एका डॉक्टरने सांगितलंय की तुम्ही काहीही गुन्हा केलेला नाही.

---

जुनी पानं | १२ मार्च, रात्री ८:१०

सायंतारा, काही लागलं तर कितीही वाजता लिहा. आम्ही जागे आहोत.

---

रोखठोक | १३ मार्च, सकाळी ८:४५

रात्रभर झोप नाही. ती बंद खिडकी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

१९१८ च्या फ्लूच्या साथीबद्दल वाचत बसलो. त्या वर्षी २८ सप्टेंबरला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली, दोन लाख माणसं जमली. आजार शहरात शिरल्याचं ठाऊक होतं, तरी निघाली. थोड्याच दिवसांत इस्पितळं भरून वाहू लागली. तिथल्याच सेंट लुईस शहराने लवकर शाळा, नाट्यगृहं, सभा बंद केल्या आणि तिथली मृत्यूंची लाट कितीतरी कमी उंचीची राहिली. सकाळी समितीला फोन करून २५ तारखेचं संमेलन पुढे ढकललं. काही जण रागावलेत. मी पहिल्या दिवशी इथे लिहिलं होतं ते चुकीचं होतं.

सायंताराताई, तुमच्या इमारतीच्या ग्रुपसाठी दोन ओळींचं निवेदन लिहून दिलं तर चालेल का? नाव कुणाचंच नाही. फक्त एवढंच, की कुणालाही त्रास असेल तर हा हेल्पलाइनचा नंबर, बाहेरून सामान हवं असेल तर या तिघांना फोन करा, आणि कुणाचाही फोटो किंवा नाव पुढे पाठवू नका.

---

दूरदेशी | १३ मार्च, सकाळी ९:३०

रोखठोक, तेच निवेदन मलाही पाठवा. आईबाबांच्या शेजाऱ्यांना पाठवतो. तिथल्या एका मुलाने रोज सकाळी दारातून हाक मारून त्यांची चौकशी करायचं कबूल केलंय.

---

सायंतारा | १४ मार्च, दुपारी ४:०५

थोडक्यात लिहिते. परवा रात्रीच त्या बाईंनी माझ्यासमोर, म्हणजे फोन स्पीकरवर ठेवून, हेल्पलाइनला सगळं सांगितलं. काल सकाळी गाडी आली आणि यजमानांना घेऊन गेली. धाप नाही, ताप आहे. सासूबाई आणि मुलं घरातच अलग आहेत. गाडी आली तेव्हा सगळ्या बाल्कन्यांत माणसं उभी होती. कुणी फोन वर केला की माझा जीव धसकायचा. पण खालून जिन्यातल्या त्या काकांनी मान वर करून मोठ्याने सांगितलं, "कुणी फोटो काढू नका." मला रडू आलं.

रोखठोक यांचं निवेदन ग्रुपवर टाकलंय. रात्री तिसऱ्या मजल्यावरून एक निरोप आला, आजोबांना कालपासून कणकण आहे, कुठे फोन करायचा? काय करायचं ते निरामय यांनी लिहिलं होतं तसंच त्यांना सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरच्यांचा रिपोर्ट उद्या संध्याकाळपर्यंत येईल. आला की इथेच कळवते.